मर्रोच्या आधीचा माणूस

जॉर्ज क्लूनीचा ‘गुड नाइट, अँड गुड लक’ २००५ साली आला. त्याची डीव्हीडी माझ्या हाती पडली तेव्हा मी एका मराठी वृत्तवाहिनीत रात्रपाळीला होते. त्याआधी बरीच वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेल्या. त्यामुळे पहिल्यांदा मनात घर केलं ते एका अगदी साध्या गोष्टीनं. कार्यक्रम सुरू व्हायला काही सेकंद उरलेत, निवेदक एडवर्ड मर्रो सिगारेट धरून कॅमेऱ्याकडे बघतोय आणि त्याचा निर्माता फ्रेड फ्रेंडली कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर त्याच्या पायाशी जमिनीवर बसलाय. वेळ झाली की तो पेन्सिलीनं मर्रोच्या पायाला हलकेच टोचतो. त्या टोचण्यासरशी मर्रो बोलायला लागतो. लाल दिवा लागण्यापूर्वी घशाला पडणारी कोरड ज्यानं अनुभवली आहे, त्याला त्या पेन्सिलीची किंमत वेगळी सांगायला नको.

गोष्ट अमेरिकेतली, १९५३-५४ सालची. सिनेटर जोसेफ मॅकार्थीनं १९५० मध्ये व्हीलिंग गावच्या भाषणात परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसल्याचा आरोप केला आणि त्या काळात नुसत्या संशयावर माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. सीबीएस वाहिनीवर ‘सी इट नाउ’ हा मर्रो-फ्रेंडली जोडीचा कार्यक्रम असे. ९ मार्च १९५४ च्या रात्री त्यांनी अर्धा तास मॅकार्थीला दिला. बहुतेक वेळ मॅकार्थीच बोलत होता, त्याच्याच जुन्या चित्रफितींतून. मर्रो मधेमधे त्याचं बोलणं वस्तुस्थितीशी ताडून दाखवत होता. क्लूनीनंही तेच केलं. त्याच्या चित्रपटात मॅकार्थीची भूमिका कोणी केलेलीच नाही, खरा मॅकार्थीच दिसतो. चित्रपट कृष्णधवल असल्यानं जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते जाणवतही नाही.

तेव्हा मला फक्त मर्रो दिसला. त्याला कारण होतं. आणीबाणीत माझे वडील सांगलीच्या घरात रात्री खिडक्या लावून घेत आणि रेडिओचा आवाज अगदी बारीक करून लघुलहरींवर बीबीसी शोधत. आकाशवाणी सरकारचीच, तिच्याकडून वेगळं काही कानावर येईल ही आशाच नव्हती. आपल्या देशाची खबर परदेशी केंद्राच्या खरखरीतून वेचून घ्यायची, हे त्यांच्या मनाला लागत असे. त्या घरात वाढलेल्या मुलीला, आपल्याच देशातल्या स्टुडिओत बसून सत्तेला नाव घेऊन जाब विचारणारा निवेदक देवासारखा वाटला नसता तरच नवल.

पुढं माझ्याकडं डेस्कची जबाबदारी आली. एका बड्या जाहिरातदाराविषयीची तयार बातमी ऐनवेळी बुलेटिनमधून काढायला लावली गेली. त्यानंतर चित्रपट पुन्हा लावला तेव्हा नजर सीबीएसचा प्रमुख विल्यम पेली याच्यावर खिळली. निष्ठेच्या चौकशीत सापडलेल्या हवाई दलाच्या मिलो रादुलोविच या लेफ्टनंटवरच्या कार्यक्रमाची वर्तमानपत्रात जाहिरात द्यायला सीबीएस तयार नव्हती, तेव्हा मर्रो आणि फ्रेंडलीनं खिशातून १,५०० डॉलर भरले. पेलीनं कार्यक्रम अडवला नाही, पण पैसाही दिला नाही. चित्रपटात तो मर्रोला एक प्रश्न विचारतो. परराष्ट्र खात्यातला माजी अधिकारी अल्जर हिस याला देशद्रोहाबद्दल शिक्षा झाली असं मॅकार्थी म्हणाला. खरं तर शिक्षा खोट्या साक्षीबद्दल झाली होती. मग ती चूक तुम्ही का दुरुस्त केली नाहीत? कम्युनिस्टाची बाजू घेणारे म्हणून ओळखले जाल, ही भीती होती का? मर्रोकडं याचं धड उत्तर नाही. पेलीला खलनायक म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा प्रसंग नीट ऐकावा. १९५५ मध्ये प्रायोजक अल्कोआनं हात काढून घेतला, त्याच वर्षी ‘द सिक्स्टी फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ हा बक्षिसांचा खेळ पडद्यावर आला आणि ‘सी इट नाउ’ची दर आठवड्याची जागा गेली. धाडसाचं बिल कोणाला तरी भरावंच लागतं, आणि ते भरणारा कधी थकेल हे निवेदकाच्या हातात नसतं.

मर्रोही मग पूर्वीइतका निष्कलंक राहिला नाही. सीबीएसनं कर्मचाऱ्यांकडून देशनिष्ठेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या घेतल्या, त्यात त्याचीही होती. मॅकार्थीवर बोलायला त्यानं चार वर्षं घेतली, तोवर व्यंगचित्रकार हर्ब्लॉक आणि स्तंभलेखक ड्रू पिअर्सन यांनी बरंच सोसलं होतं. पुढं केनेडींच्या सरकारात गेल्यावर, शेतमजुरांच्या हालांवरचा त्याचा स्वतःचाच ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ बीबीसीनं दाखवू नये म्हणून त्यानं खटपट केली. माझ्या मनातला त्याचा आदर यानं कमी झाला नाही. डॉन होलेनबेकबद्दल मात्र अजून वाईट वाटतं. ९ मार्चच्या रात्री अकराच्या बातम्यांत त्यानं मर्रोला उघड पाठिंबा दिला. एक स्तंभलेखक त्याच्या मागं लागलाच होता. २२ जून १९५४ ला होलेनबेकनं आत्महत्या केली. मोठ्या नावाला जे संरक्षण मिळतं ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला मिळत नाही.

आणि आता, निवृत्तीनंतर, चित्रपट लावते तेव्हा वाट बघते ती मिलो रादुलोविचची. त्यालाही नट नाही, तो स्वतःच पडद्यावर येतो. मिशिगनमधल्या डेक्स्टर गावचा, हवाई दलाच्या राखीव तुकडीतला लेफ्टनंट, वय वर्षं २६, दोन मुलांचा बाप. त्याच्या निष्ठेवर कोणाचाच आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो वडील आणि बहिणीवर. वडील सर्बियातून आलेले, एक सर्बियन वर्तमानपत्र घ्यायचे, अशा कारणांवरून मिलो सुरक्षिततेला धोका ठरला. पुरावा बंद पाकिटात. ते पाकीट चौकशीत त्याला किंवा त्याच्या वकिलांना उघडून दाखवलं नाही. घरच्यांशी नातं तोडलं असतं तर त्याची सुटका झाली असती. त्यानं ते साफ नाकारलं. कॅमेऱ्यापुढं तो शांतपणे विचारतो, आज मला नातेवाइकांवरून जोखलं जातंय, उद्या माझ्या मुलांना माझ्याशी संबंध तोडायला सांगणार का? ना आवाज चढत, ना डोळे भरून येत.

मर्रोच्या आधी हा उभा राहिला. त्याचं वकीलपत्र घेणारे दोघे फी न घेता उभे राहिले. त्याची बातमी ‘डेट्रॉइट न्यूज’नं छापली, ती वाचून मर्रोला विषय मिळाला. गावातली माणसं कॅमेऱ्यासमोर नावानिशी त्याच्या बाजूनं बोलली. २० ऑक्टोबर १९५३ ला कार्यक्रम झाला आणि २४ नोव्हेंबरला हवाई दलाच्या सचिवानं निर्णय फिरवला. बातमीदारानं धैर्य दाखवावं असं आपण म्हणतो, पण सांगायला पुढं येणारा माणूसच नसेल तर बातमीदार दाखवणार काय? चित्रपटाच्या शेवटी टाळ्या मर्रोला मिळतात. माझ्या मते त्यातल्या निम्म्या मिलोच्या आहेत.

तो पुढं हवामान खात्यात नोकरीला लागला आणि २००७ मध्ये वारला. चित्रपट बघाल तेव्हा मॅकार्थीची वाट बघत मिलोचा भाग पुढं सरकवू नका.