तैम्यातला मुक्काम

तबूकहून आग्नेयेला अडीचशेहून अधिक किलोमीटर आलं की तैमा लागतं. पेट्रोल पंप, टायरवाला, भट्टीतून मोठाल्या तमीस रोट्या काढणारं दुकान, आणि त्याच रांगेत दोन-तीन मजली इमारतींवर ‘शुकक मफ्रूशा’च्या पाट्या. म्हणजे सामानसुमानासकट भाड्यानं मिळणारी घरं. सौदीतल्या लहान गावात रात्र काढायची तर बहुधा अशाच जागी. दार उघडताच लांबट बैठक येते: तीन भिंतींना लागून जमिनीवरच्या गाद्या, मध्ये कडक लोड, पावलांखाली चपटा होत गेलेला तपकिरी गालिचा. खिडकीला जाड पडदा, पडद्यामागे दुधी काच. उजेडाला छताची एक पांढरी ट्यूब. उशाशी दिवा नाही. एसी रात्रभर घरघरतो. सकाळी नाश्ता नाही, गावाबद्दल सांगणारा एक कागदही नाही. बाहेरून आलेला माणूस इथे हिरमुसतो, आणि मीही त्यातच आहे. पण त्या हिरमोडाचं कारण आपण ‘जुनाट, गरीब हॉटेल’ असं लावतो, ते मला चुकीचं वाटतं. ही खोली पाहुण्याची वाट बघतच असते. तो पाहुणा आपण नसतो, एवढंच.

पुरावा खोलीतच आहे. काय सांभाळलंय आणि काय सोडून दिलंय ते नीट बघावं. नळाला पाणी जोरात येतं, एसी आवाज करतो पण खोली गार करतो, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात शेगडी चालू आहे, नमाजाची चटई घडी करून ठेवली आहे, कपाटाच्या कडेला चिकटवलेला किब्ल्याचा, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा, बाण ताजा आहे. खाली गाडी अगदी दाराशी लागते. हे सगळं आठशे-हजार किलोमीटर गाडी हाकत निघालेल्या सौदी कुटुंबासाठी आहे. त्यांना जेवण बरोबरचंच करायचं असतं, मुलांना गाद्यांवर ओळीनं झोपवायचं असतं, आणि घरातल्या बायकांना मोकळेपणी वावरता यावं म्हणून काच दुधीच हवी असते. पंढरपूरच्या धर्मशाळेत पलंग नाही म्हणून वारकरी तक्रार करत नाही. त्याची पथारी त्याच्या खांद्यावर असते, त्याला छप्पर आणि पाणी हवं असतं. तैम्यातल्या खोलीचा हिशेबही तसाच आहे. सर्वसाधारण पर्यटक-व्हिसा या देशानं २०१९च्या सप्टेंबरात सुरू केला, तोही आधी ४९ देशांपुरता, आणि त्या यादीत भारत नव्हता. त्याआधी परका माणूस इथे यायचा तो हजला, उमऱ्याला, नोकरीला, धंद्याला किंवा नातलगांकडे. नुसतं बघायला आलेल्या माणसासाठी खोली बांधावी असं तैम्यातल्या घरमालकाला का सुचावं?

यावर कुणी म्हणेल, की डागाळलेली चादर आणि गळका फ्लश याला संस्कृती म्हणू नका. खरंय. मळ हा मळच. तो सौदी कुटुंबालाही नकोच असतो, आणि असल्या गोष्टींना मी कसलीही सबब देणार नाही. पण निराशेची यादी करायला बसलं तर तीत मळापेक्षा आरपार न दिसणारी खिडकी, नसलेला दिवा, न मिळालेली माहिती यांचीच नावं जास्त येतात. दुसरा आक्षेप जड आहे: देशानं पाहुणे बोलावलेत ना, मग जबाबदारीही घ्यावी. इथे मी आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूनं आहे. जवळच्या अल-उलात, हेग्राच्या नबातीय थडग्यांपाशी, एका रात्रीला हजारो रियाल घेणारी निवासस्थानं उभी राहिली. त्यांच्या आणि या गाद्यांच्या मधली पायरी मात्र कुणी बांधायला घेतलेली दिसत नाही. २०२३मध्ये सौदीनं पर्यटक-भेटींचा दहा कोटींचा आकडा ओलांडला, आणि त्यातल्या बहुसंख्य देशातल्याच लोकांच्या होत्या. म्हणजे लहान गावातला घरमालक ज्याच्यासाठी गाद्या अंथरतो, तोच आजही सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे. घरमालकाची चूक नाही. चूक आहे ती सगळा पैसा वरच्या टोकाला ओतणाऱ्या नियोजनाची.

आणि हे गाव पाहुणचाराला नवखं मुळीच नाही. बाबिलोनचा राजा नबोनिदस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात इथे दहा वर्षं राहिला. गावात बीर हद्दाज आहे, सुमारे १८ मीटर व्यासाची विहीर. कठड्याभोवती लाकडी चौकटी, त्यांत चाकं, आणि एके काळी चहूबाजूंनी उंट पाणी ओढत. ज्यानं आपल्याकडची मोट पाहिली असेल त्याला काहीच समजावून सांगावं लागणार नाही: कातड्याची मोट, जनावराची धाव, थारोळ्यात ओतलं जाणारं पाणी. फक्त बैलांच्या जागी उंट, आणि एकाऐवजी कितीतरी नाडे एकाच वेळी. कारवाँ या गावात थांबले ते या पाण्यासाठी. वाटसरूला नेमकं काय लागतं हे ओळखून तैम्यानं ते अडीच हजार वर्षं पुरवलं.

आजच्या वाटसरूची गरज त्याहून फार स्वस्त आहे. कुटुंबांच्या खोल्यांना हात लावायचं कारण नाही, त्यांची दुधी काच त्यांना राहू दे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत उशाशी एक दिवा, बीर हद्दाज किती अंतरावर आहे ते सांगणारा एक कागद, आणि एका खिडकीला साधी, आरपार दिसणारी काच. पलीकडे खजुराच्या बागा आहेत.