ऑपरेशन सर्जनचं, बाकी सगळं आई-बापांचं

रावेरसारख्या तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून बसलं, की तान्ह्या बाळाचं मोठं ऑपरेशन आपल्या दवाखान्यात होत नाही. ते मुंबईला, पुण्याला, नाशिकला नाहीतर इंदूरला होतं. आमच्या वाट्याला त्याच्या आधीचं आणि नंतरचं येतं. निदान सांगायचं, घरच्यांची समजूत घालायची, बाळाचं वजन वाढवून घ्यायचं, कागदपत्रं जमवायला लावायची आणि परत आल्यावर जखम बघायची. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ऑपरेशन टेबलावरचे काही तास सोडले, तर उरलेला बहुतेक उपचार आई-बापच करतात. फक्त तसं त्यांना कुणी सांगत नाही. त्यांना सांगितलं जातं, "बाहेर थांबा."

हृदयात जन्मजात दोष असलेली बाळं हजारात साधारण आठ-नऊ असतात. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात. मोठं छिद्र मात्र आधी आईच्याच लक्षात येतं. बाळ चार घोट पितं, थांबतं, धाप लागते, पुन्हा तोंड लावतं आणि पोट भरायच्या आत दमून झोपतं. अर्ध्या तासात भुकेनं पुन्हा रडतं. पिताना कपाळ घामानं डबडबतं. आमच्याकडे मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून मी विचारते: पंख्याखाली बसून पाजतानाही येतो का? एरवी कोरडं असतं आणि पिताना ओलं होतं का? याचं उत्तर आईजवळ तयार असतं. पण "तुझं दूधच पातळ" असं म्हणणाऱ्या घरात ते तिला कुणी विचारलेलं नसतं.

निदान झालं, की आजी पुढे येते. "एवढ्याशा जिवाले कशाले कापता? थोडं मोठं होऊ द्या." यात माया असते, आणि ऐकायला ते शहाणपणाचंही वाटतं. पण मोठ्या छिद्रात वाट पाहणं महागात पडतं. केळीवाल्या घरात मी ठिबकचं उदाहरण देते: बारीक नळ्यांत मुख्य पाइपाचा दाब सोडला तर काय होईल? फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर असाच दाब पडत राहिला, की त्या जाड आणि कडक होत जातात. एका टप्प्यानंतर छिद्र बुजवूनही उपयोग नसतो. उलट धोका वाढतो. पित्तनलिका जन्मतः बंद असलेल्या बाळाला तर याहूनही कमी वेळ असतो. जपानी सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५९ साली मांडलेली शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर यशाची शक्यता जास्त. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे आणि शी पांढुरकी असेल, तर बाळाला कोवळ्या उन्हात धरत बसू नका, तपासायला आणा.

म्हणून निदान सांगताना मी एकट्या आईला सांगत नाही. घरात ज्याचा शब्द चालतो त्यालाही बोलावून घेते. मुलगी असेल तर अंमळ आवर्जून. दिल्लीच्या एम्समधला २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की हृदयाचं ऑपरेशन सुचवलेल्या मुलींपैकी प्रत्यक्ष ऑपरेशन होणाऱ्यांचं प्रमाण मुलांपेक्षा कमी होतं. त्याची कारणं मला खुर्चीत बसल्या बसल्या ऐकू येतात. "पोरीच्या छातीवर व्रण राहील, उद्या लग्नाचं कसं?" मी विचारते, पोरगी राहिली तर लग्न ना?

पैशाची अडचण पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांतून मुलं तपासतात आणि पुढे पाठवतात. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात शेजारचा धुळे जिल्हा होता. पण ऑपरेशन मोफत झालं तरी मुंबईतला मुक्काम मोफत नसतो. केळीच्या गाड्या भरणाऱ्या बापाची मजुरी बुडते, मोठं पोर मामाकडे ठेवावं लागतं. म्हणून जन्मदाखला, रेशन कार्ड, आधार यांच्या जोडीला मी आणखी एक यादी करायला लावते: तिकडे कोण राहणार, इकडे कोण कमावणार, मोठ्याला कोण बघणार.

तारीख मिळेपर्यंतचं मुख्य काम म्हणजे वजन. ओढून प्यायला ताकद नसते, म्हणून दूध काढून वाटी-चमच्यानं, थोडं थोडं, दर दोन तासांनी. रात्रीच्या दोन पाळ्या बापानं घ्याव्यात असा माझा आग्रह असतो. सुरुवातीला चमचा हातात थरथरतो, गळ्यावर दूध ओघळतं. हळूहळू बाप बाळाच्या ओठाला चमचा टेकवून त्यानं स्वतः ओढून घ्यायची वाट बघायला शिकतो. बाळाच्या आजारात बापाच्या वाट्याला धावपळ येते, बाळ येत नाही. इथं ते येतं.

ऑपरेशनच्या दिवशी अंगावरचं दूध साधारण चार तास आधी बंद करतात. आईच्या कुशीत दुधाचा वास येतो आणि बाळ जास्तच आकांत करतं. त्या वेळी बाळ बापाकडे किंवा मावशीकडे द्यावं. यात आईनं वाईट वाटून घेऊ नये.

"त्याला दुखेल का?" हे जवळपास प्रत्येक आई विचारते. या प्रश्नाला इतिहास आहे. तान्ह्या बाळाला वेदना फारशी कळत नाही, असं वैद्यकशास्त्र कित्येक दशकं मानत होतं. १९८५ साली अमेरिकेत जिल लॉसन यांच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलाचं ऑपरेशन झालं. त्याला फक्त हालचाल थांबवणारं औषध दिलं होतं, वेदना थांबवणारं नाही, हे तो गेल्यावर तिला कळलं. तिनं पत्रं लिहून हा विषय चव्हाट्यावर आणला. त्याच सुमारास ऑक्सफर्डला कंवलजीत सिंग आनंद यांनी दाखवून दिलं, की फेन्टानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ऑपरेशनचा ताण कमी येतो आणि गुंतागुंतही कमी होते. हे आनंद आपल्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९८७ नंतर चित्र बदललं. तेव्हा हा प्रश्न बिनदिक्कत विचारा. एका आईच्या हट्टाचा त्या बदलात वाटा आहे.

अतिदक्षता विभागात बाळ नळ्यांच्या गुंत्यात दिसतं, अंगावर सूज असते. तिथं "हात लावू का?" असं विचारावं. बहुतेक वेळा परवानगी मिळते. हात धुवावेत, तळवा डोक्यावर स्थिर ठेवावा, चोळू नये. दूध काढत राहावं, नाहीतर बाळाला लागेल तेव्हा ते आटलेलं असतं.

सगळ्यात कठीण दिवस बहुधा घरी आल्यावर येतात. तिकडे खंबीर राहिलेली आई इथं येऊन ढसाढसा रडते, रात्री उठून श्वास चाललाय का बघते. घरचे म्हणतात, आता तर सगळं झालं, आता काय रडायचं? पण मन थकायला सवड आत्ताच मिळालेली असते. हे बहुतेकींचं हळूहळू निवळतं. आठवडेच्या आठवडे राहिलं, तर त्यालाही उपचार आहेत. बाकी काळजी साधी. छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे, बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली. बघायला येणाऱ्यांनी दारातूनच बघावं. ताप आला तर वाट बघू नये. राहिलेल्या लसी डॉक्टरांना विचारून पूर्ण कराव्यात.

पुढे दोन-तीन वर्षांनी हीच मुलं सर्दी-खोकल्यासाठी येतात. आई सांगते, "याला पळू देत नाही हो, हृदयाचं ऑपरेशन झालंय." तपासणी चांगली आली असेल आणि सर्जननं बंधन घातलं नसेल, तर मी सांगते, पळू दे, पडू दे, चिंचेवर चढू दे. ज्या आई-बापांनी रात्र रात्र जागून याचं वजन वाढवलं, त्यांनाच आता याला आजारी समजणं सोडायचं आहे. हे काम मागच्या सगळ्या कामांपेक्षा अवघड आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला करता येत नाही.