शिर्डीत भाषा किती?

मुलांनो, शिर्डीला तुमच्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले असाल. रांगेत पाय दुखले असतील, बर्फीचा प्रसाद खाल्ला असेल, आईचा हात सुटला म्हणून घाबरलाही असाल. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक गंमत करा. चालताना कान उघडे ठेवा आणि किती भाषा ऐकू येतात ते मोजा. माझी पैज आहे, एका हाताची बोटं पुरायची नाहीत!

सुरुवात रेल्वे स्टेशनापासून करू. 'साईनगर शिर्डी' हे स्टेशन २००९ साली सुरू झालं. त्याआधी लोक मनमाडला नाहीतर कोपरगावला उतरायचे आणि तिथून एस.टी. किंवा जीप धरायचे. आता इथे थेट गाड्या येतात. एक काकीनाड्याहून, एक चेन्नईहून, एक म्हैसूरहून. म्हणजे एक तेलुगूच्या मुलखातून, एक तमिळच्या आणि एक कानडीच्या! २०१७ च्या १ ऑक्टोबरपासून काकडी गावाजवळ विमानतळही झाला आहे. एरवी ज्वारी, ऊस आणि पेरू यांच्या या मुलखात विमानातून उतरून लोक पहिला प्रश्न विचारतात तो हिंदीत, इंग्रजीत नाहीतर तेलुगूत.

बाजारात या. फुलांचे हार, शाली, तसबिरी, उदबत्त्या. दुकानदार इथलाच, राहात्याचा नाहीतर कोपरगावचा. घरी आईशी अगदी नगरी मराठीत बोलणारा. पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे एकदा बघतो आणि भाषा बदलतो. "वांगा, वांगा!" असं कुणी ओरडलं तर भाजीवाला शोधू नका. तमिळमध्ये 'वांगा' म्हणजे 'या'. कानडी मंडळी दिसली की 'बन्नी'. तेलुगू बाई हार हातात घेऊन 'एंत?' म्हणाली की त्याला कळतं, भाव विचारला. शाळेत तिसरी भाषा शिकताना आपल्याला घाम फुटतो. इथे चौथी नापास झालेला माणूस पाच भाषांत भाव सांगतो. पोटाची शाळा मोठी कडक असते बरं का!

तशी भाषांची सरमिसळ या गावाला नवी नाही. परंपरेने सांगतात ती गोष्ट तुम्हांला माहीत असेल. चांदभाई पाटलांच्या घरच्या लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर एक तरुण फकीर शिर्डीत आला. खंडोबाच्या देवळाशी म्हाळसापतींनी त्याला पाहिलं आणि 'आओ साई' म्हणून हाक मारली. म्हाळसापती जातीने सोनार, खंडोबाचे पुजारी, मराठी माणूस. पण परक्या पाहुण्याला बोलावलं ते त्याच्या बोलीत. तेव्हापासून 'साई' हेच नाव पडलं. बाबा स्वतः मराठी बोलत आणि दखनी हिंदीही. १५ ऑक्टोबर १९१८ ला, विजयादशमीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. नागपूरच्या गोपाळराव बुटींनी बांधलेल्या वाड्यात त्यांची समाधी झाली. आज आपण ज्याला समाधी मंदिर म्हणतो तो हाच बुटीवाडा.

मग दक्षिणेकडची एवढी माणसं कशी येऊ लागली? मद्रासकडचे नरसिंहस्वामी नावाचे एक गृहस्थ होते. बाबांच्या निधनानंतर ते शिर्डीत आले, बाबांना पाहिलेल्या माणसांकडून आठवणी गोळा केल्या आणि दक्षिणेत गावोगाव हिंडून त्या सांगितल्या. पुढे सिनेमे आले. १९७७ साली हिंदीत आला, १९८६ साली तेलुगूत आला आणि तो तिकडे घरोघरी पोचला.

आता आरतीला उभे राहू. काकड आरती, माध्यान्ह आरती, धुपारती आणि शेजारती अशा रोज चार आरत्या होतात. त्यांतलं बहुतेक सगळं मराठीत आहे. काकड आरतीत तुकाराम, नामदेव, जनाबाई यांचे अभंग आहेत. बाबांची जी आरती सगळ्यांना पाठ असते ती माधव आडकरांची. आणि ती म्हणणारे निम्मे लोक मराठी नसतात! शेजारच्या आजींच्या हातातलं पुस्तक हळूच बघा. अक्षरं गोल गोल, जिलेबीसारखी. ती तेलुगू लिपी. पण त्या लिपीत छापलेले शब्द मराठी. आजींना मराठी कळत नाही, तरी जनाबाईचा अभंग त्या एकही शब्द न चुकता म्हणतात. मला दर वेळी याचं नवल वाटतं.

आता मी तुम्हांला माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगते. शिर्डीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. ही मुलगी दुसरीत आहे. तिचे वडील शिर्डीच्या एका हॉटेलात आचारी आहेत. इडली, पुळिहोरा असले दक्षिणेकडच्या यात्रेकरूंना आवडणारे पदार्थ करतात. घर तेलंगणातलं. घरी तेलुगू, वर्गात मराठी, आणि भांडताना हिंदी.

एकदा वर्गाची सहल शिर्डीला गेली. तेलुगूतली एक पाटी दिसली. मुलं म्हणाली, "वाच ना गं, तुझी भाषा आहे." ती गप्प. तिला देवनागरी येते, तेलुगू अक्षरं कुणी शिकवलेलीच नाहीत. म्हणजे बघा, आजींना लिपी येते पण भाषा कळत नाही आणि हिला भाषा कळते पण लिपी येत नाही. दोघी एकाच रांगेत.

मी तिला विचारलं, "इथे तर रोज कितीतरी तेलुगू माणसं येतात. तुला बरं वाटत असेल ना?"

ती म्हणाली, "येतात मॅडम. पण संध्याकाळी जातात. खेळायला कुणी थांबत नाही."

पालकहो, एवढ्या साध्या वाक्यात सगळं आलं. हजारो तोंडांनी तेलुगू बोलणाऱ्या गावात या मुलीला तेलुगूत लपाछपी खेळायला एक मैत्रीण नाही. तिचा धाकटा भाऊ तर आईने तेलुगूत विचारलं तरी मराठीत उत्तर देतो. मला, एक मराठी शिकवणारी बाई म्हणून, त्याच्या मराठीचा आनंद होतो. आणि त्याच वेळी त्याच्या आईचा चेहराही दिसतो.

आपल्या देशाने अशा मुलांचा विचार केलेला नाही असं नाही. १९४९ साली सगळ्या प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. तिने ठरवलं की प्राथमिक शाळेत एखाद्या वेगळ्या मातृभाषेची एका वर्गात दहा किंवा सगळ्या शाळेत मिळून चाळीस मुलं असतील तर त्यांना त्या भाषेत शिकवणारा शिक्षक द्यावा. पुढे १९५६ साली आपल्या राज्यघटनेत '३५० क' हे कलम आलं. भाषेने अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असं ते सांगतं. मुंबई महापालिका म्हणूनच मराठीबरोबर हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कानडी अशा शाळा चालवत आली आहे. पण आमच्या गावात दहा कुठून आणायचे? माझ्या वर्गात एकच आहे.

दहा कुठून आणायचे, हा प्रश्न दूर कॅनडा देशातल्या लोकांनाही पडला. त्यांनी काय केलं ते ऐका.

कॅनडात क्वेबेक नावाचा प्रांत आहे, तिथे बहुतेक सगळे फ्रेंच बोलतात. पण क्वेबेकच्या बाहेर, इंग्रजीच्या समुद्रात, फ्रेंच बोलणाऱ्यांची छोटी छोटी बेटं आहेत. सगळे मिळून सुमारे दहा लाख माणसं, आणि ती हजारो किलोमीटरवर विखुरलेली. मॅनिटोबा प्रांतात विनिपेग शहराजवळ, रेड नदीच्या काठी, सेंट बोनिफास नावाची अशीच एक जुनी वस्ती आहे. आता ती शहराचाच भाग झाली. तिथल्या फ्रेंच शिक्षणसंस्थेची मुळं १८१८ सालापर्यंत जातात. १८१८ म्हणजे इकडे पेशवाई बुडाली ते वर्ष! त्याच मॅनिटोबात १९१६ साली कायदा झाला आणि शाळेत फ्रेंचमधून शिकवणं बंद पडलं. इन्स्पेक्टर आले की मुलं फ्रेंच पुस्तकं लपवून ठेवत, असं तिथली म्हातारी माणसं सांगायची. १९७० साली फ्रेंचला शाळेत पुन्हा बरोबरीची जागा मिळाली. १९८२ च्या राज्यघटनेने तर अशा मुलांना फ्रेंच शाळेचा हक्कच दिला. पण अट काय? मुलांची संख्या पुरेशी असेल तिथे! आली का पुन्हा तीच दहाची गोष्ट?

आणि संख्या घटत होती. म्हातारे वारत होते, कुटुंबं लहान झाली होती, पोरं नोकरीसाठी इंग्रजी शहरांत जात, तिथेच लग्नं करत आणि घरात इंग्रजी बोलू लागत. क्वेबेकबाहेर १९७१ साली शंभरात सहा माणसं फ्रेंचवाली होती, २०२१ मध्ये तीन-चारच उरली. शिवाय बाहेरून कॅनडात येणारी लाखो माणसं बहुतेक इंग्रजीच्या बाजूला जात.

तेव्हा कॅनडाच्या सरकारने ठरवलं की बाहेरून माणसं येतच आहेत, तर त्यांतली काही फ्रेंच जाणणारी बोलवू आणि त्यांना या बेटांवर वसायला सांगू. क्वेबेकबाहेर येणाऱ्या दर शंभरांत ४.४ फ्रेंच बोलणारे हवेत असं लक्ष्य ठेवलं. ते गाठायला २०२२ उजाडलं! मग २०२४ साठी लक्ष्य सहावर नेलं. अर्ज करणाऱ्याला चांगलं फ्रेंच येत असेल तर जास्त गुण मिळतात. येणारे मोरोक्कोचे, कॅमेरूनचे, काँगोचे, हैतीचे आणि फ्रान्सचेही असतात. आपल्याकडची काही ताई-दादा मंडळी नोकरी सांभाळून फ्रेंच शिकताना दिसली तर त्यामागे कधी कधी हेच गुण असतात.

पण माणूस बोलावला म्हणजे झालं का? कॅमेरूनहून आलेल्या कुटुंबाला विमानतळावर फ्रेंचमध्ये 'या, बसा' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत सगळीकडे इंग्रजीच लागली, तर सहा महिन्यांत त्यांची पोरंही इंग्रजीच बोलणार. हे तिथल्या लोकांच्या ध्यानात आलं. म्हणून त्यांनी चौदा गावं-शहरं निवडली आणि तिथल्या फ्रेंच मंडळींनाच पैसा व काम दिलं. नव्या कुटुंबाला घर शोधून द्यायचं, फ्रेंच शाळेत पोराचं नाव घालायचं, फ्रेंच बोलणारा डॉक्टर दाखवायचा, सणाला जेवायला बोलवायचं. यात्रेकरूचा शेजारी करायचा, असं आपण शिर्डीच्या भाषेत म्हणू.

मला यात एक गोष्ट मात्र खटकते. कॅमेरूनची नर्स मॅनिटोबात गेली म्हणजे कॅमेरूनच्या एका दवाखान्यातली नर्स कमी झाली. एकाच्या भाषेचं घर भरताना दुसऱ्याच्या गावातलं माणूस उचलायचं, याचा हिशेब कोण ठेवतं? तरीही ज्या शाळेत वर्ग बंद पडायला आला होता तिथे नवी पाच-सहा पोरं दप्तर घेऊन आली, तर तिथल्या बाईंना काय वाटत असेल हे मला नीट कळतं. पटसंख्या ही आम्हां शिक्षकांची दुखरी नस आहे.

आपल्या महाराष्ट्रात असं कधी झालं का? झालं, आणि सरकारने कुणाला बोलावलंही नाही. सोलापूरला १८७७ साली कापडाची पहिली गिरणी निघाली. गिरण्यांना आणि मागांना हात हवे होते. तेलंगणातले पद्मशाली विणकर आले. एक आला, त्याने भावाला आणलं, भावाने मेहुण्याला. शहराच्या पूर्व भागात गल्ल्याच्या गल्ल्या तेलुगू झाल्या. नातीगोती तेलंगणाशी जुळलेलीच राहिली, त्यामुळे तिकडून सुना येत राहिल्या आणि प्रत्येक सून आपल्याबरोबर ताजी तेलुगू घेऊन आली. मार्कंडेयाचं देऊळ झालं. नारळी पौर्णिमेला त्याचा मोठा रथोत्सव निघतो. तुमच्या घरी सोलापुरी चादर असेल तर ती विणणारा आजोबा बहुधा तेलुगूत गुणगुणत असेल. आपल्या नगर शहरातही पद्मशाली विणकरांची अशीच जुनी वस्ती आहे, शिर्डीपासून जेमतेम दोन-अडीच तासांवर.

चार-पाच पिढ्या झाल्या, तरी ती तेलुगू घरात आहे. मराठी शब्दांनी भरलेली, हैदराबादच्या माणसाला हसू येईल अशी, पण आहे. लिहिता-वाचता येणारे मात्र कमी होत चाललेत, कारण मुलं मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीसाठी मी दहा मैत्रिणी आणू शकत नाही. पण तिच्या आईला अक्षरं येतात हे मला कळलं, तेव्हा मी त्यांना शनिवारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास यायला सांगितलं. त्या लाजत आल्या. फळ्यावर 'अम्मा' हा शब्द तेलुगूत काढला. सगळा वर्ग ते गोल अक्षर गिरवत बसला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे अक्षर कानातल्या डुलासारखं आहे." आता आठ-नऊ अक्षरं झालीत. मुलीचा धाकटा भाऊही येऊन बसतो. परवा त्याने आईला पहिल्यांदा तेलुगूत उत्तर दिलं, तेही भांडायला!

तुमच्या वर्गात घरी दुसरी भाषा बोलणारं कुणी आहे का? पावरी, गोरमाटी, अहिराणी, उर्दू, भोजपुरी, तेलुगू, कोणतीही असो. त्यांच्याकडून 'ये, खेळायला ये' हे वाक्य त्यांच्या भाषेत शिका, ते देवनागरीत लिहा आणि भाषेच्या नावासकट आपल्या अंकाच्या पत्त्यावर पाठवा.