खुब्याचं काम

रुग्ण दारातून आत येताना मी आधी त्याच्या खांद्यांकडे बघते, पावलांकडे नंतर. नातेवाईक सांगतात, “हल्ली पाय ओढतात हो.” पण प्रत्येक पावलाला खांदे एकाच बाजूला झुकत असले, तर मूळ दुखणं बहुतेक वेळा त्या बाजूच्या खुब्यात सापडतं.

फिजिओथेरपी करताना हळूहळू पटत गेलं, की चालणं म्हणजे आळीपाळीने एका पायावर उभं राहणं. दोन्ही पावलं एकाच वेळी टेकलेली असतात ती जेमतेम २० टक्के वेळ. एक पाय उचलला, की कंबरेची ती बाजू खाली पडू बघते. तिला धरून ठेवतो टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचा स्नायू, ग्लूटियस मीडियस. त्याची ओढ सांध्याच्या अगदी जवळून, आणि अंगाचा भार सांध्यापासून लांब. त्यामुळे त्याला दांडगा जोर लावावा लागतो आणि साध्या चालण्यातही खुब्यावर वजनाच्या सुमारे अडीचपट दाब येतो. हा स्नायू थकला, की कंबर विरुद्ध बाजूला कलते. फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने १८९५ मध्ये ही खूण मांडली. आम्ही आजही रोज तीच तपासतो. कंबर पडू नये म्हणून माणूस धडच दुखऱ्या बाजूवर नेतो. खांदे झुकतात ते म्हणून.

इथे काठी कामाला येते, पण विरुद्ध हातात. “अगं, दुखतोय उजवा आणि काठी डावीकडे?” आजी विचारतात. डाव्या हाताचा रेटा उजव्या खुब्यापासून दूर पडतो, म्हणून थोडक्या रेट्यातही त्या स्नायूचं पुष्कळ ओझं उतरतं. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकायचे. दोन-चार फेऱ्यांत आजींचे खांदे सरळ होतात, तेव्हा मला मनापासून आनंद होतो.

मग पावलं. टाच उचलताना अंगठा वर वाकतो, तळव्याची जाड पट्टी ताणली जाते, कमान उंचावते आणि पाऊल रेटा देण्याइतकं ताठ होतं. अंगठा आखडलेला असला, तर माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवरून निघतो, पाऊल आखूड पडतं, खुबा पुरता मागे जातच नाही. म्हणून कंबरदुखीच्या रुग्णालाही मी मोजे काढायला लावते. अंगठा वाकत नसेल, तर खुब्याच्या व्यायामाआधी कडक तळव्याचे, चवड्याकडे वर वळलेले बूट घ्यायला सांगते.