कोपनहेगनची वाट

एखाद्या गावाला पोहोचण्याच्या वाटा जितक्या अधिक, तितकी घरात मतभेदाला जागा अधिक. नाशिकला जायचे असले तर आमच्याकडे वाद होत नाही; पण २०१८ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला निघायचे ठरले, तेव्हा आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आमची थोरली कन्या दोन वर्षांपूर्वी शिक्षणासाठी तिकडे गेली आणि पुढे तेथेच नोकरीत रमली. तिला भेटायचे याविषयी दुमत नव्हते. कसे जायचे याविषयी मात्र होते.

सौभाग्यवतींचे मत सरळ होते. मुंबईस विमानात बसावे, वाटेत एकदा विमान बदलावे आणि थेट कास्ट्रुपला उतरावे. कास्ट्रुपचा विमानतळ १९२५ सालचा. तो शहराला इतका लागून आहे, की तेथून आगगाडीने पाव तासात मुख्य स्थानक गाठता येते. "अहो, मुलीकडे जायचे आहे, वाटेकडे काय बघत बसायचे?" हा त्यांचा सवाल बिनतोड होता. माझे म्हणणे असे, की हँबुर्गपर्यंत विमानाने जावे आणि पुढे आगगाडी धरावी.

माझ्या हट्टाला कारण होते. कोपनहेगन हे झीलंड बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेले आहे आणि त्याच्या डॅनिश नावाचा अर्थच मुळी व्यापाऱ्यांचे बंदर असा आहे. जमिनीच्या वाटेने म्हणून निघावे, तरी पाणी आडवे येतेच. पश्चिमेकडच्या ग्रेट बेल्टवर १९९७ साली आगगाडीची आणि १९९८ साली मोटारींची सोय झाली. पूर्वेस ओरेसुंडची सामुद्रधुनी २००० साली जोडली गेली. स्वीडनमधील माल्मोहून निघालेली गाडी सुमारे आठ किलोमीटरांच्या पुलावरून एका मानवनिर्मित बेटावर उतरते आणि तेथून चार किलोमीटरांच्या बोगद्यात शिरते. उत्तरेस हीच सामुद्रधुनी जेमतेम चार किलोमीटर रुंद उरते. तेथे हेल्सिंगबोर्ग आणि हेल्सिंगोर यांच्यामध्ये बोटी अजूनही वीस मिनिटांत ये-जा करतात. हेल्सिंगोर म्हणजे आम्हा इंग्रजी शिकविणाऱ्यांचे एल्सिनोर, हॅम्लेटचे गाव! त्या अरुंद जागी डेन्मार्कच्या राजांनी पंधराव्या शतकापासून १८५७ पर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांकडून जकात घेतली. पाणी ही तेथे नुसती अडचण नव्हती. ती मिळकतही होती.

हँबुर्गला माझे एक व्याख्यान ठरले आणि वादाचा निकाल आपोआप माझ्या बाजूने लागला. गाडी फेहमार्न बेटावरील पुट्टगार्डन येथे आली आणि रुळांवरून सावकाश एका प्रचंड बोटीच्या पोटात शिरली. उतारूंनी डबे सोडून वर जावे, असा नियम होता. पुढची पाऊण घटका नव्हे, चांगला पाऊण तास आम्ही कठड्याशी उभे होतो. एक किनारा पुसट होत गेला. दुसरा अजून दिसत नव्हता. सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती पहिल्यांदा आली ती विमानाने, आणि तीही रात्रीची. हे पाणी तिने पाहिलेच नसेल." आणि थोड्या वेळाने, "बरीच लांब आली हो आपली मुलगी!"

दोन वर्षे रोज संध्याकाळी दूरध्वनीच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसत असे. शेजारच्या खोलीतून बोलावे तशी ती बोलत असे. ती दूर गेली आहे, ही गोष्ट आम्हा उभयतांना कळली ती त्या पाण्यावर.

ती बोटीत शिरणारी गाडी डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. आता हँबुर्गची गाडी जटलंडवरून वळसा घेऊन ग्रेट बेल्टच्या मार्गाने येते. फेहमार्नच्या समुद्राखाली अठरा किलोमीटरांच्या बोगद्याचे काम चालू आहे. तो झाला म्हणजे आमच्या त्या पाऊण तासाची आगगाडीने सात मिनिटे होतील. यावर उसासे टाकण्याचा मला अधिकार नाही. माझे बालपण खाडीकाठच्या एका गावात गेले. होडी पलीकडच्या काठाला आणि आजारी माणूस अलीकडच्या काठाला, अशा रात्री मी पाहिल्या आहेत. पुढे पूल झाला तेव्हा गावाने नारळ फोडला; होडीविषयी हळहळण्याचे काम मुंबईला गेलेल्यांकडे राहिले.

तरी एक फरक मनात राहतोच. जो रोज पाणी ओलांडतो, त्याच्या लेखी प्रत्येक मिनिट वाया जाते. पण ज्याचे मूल त्या पाण्यापलीकडे कायमचे गेले आहे, त्याने एकदा तरी ते अंतर डोळ्यांनी पाहावे. न पाहता ते पुसून टाकले, तर मुलगी जवळ आहे असे वाटत राहते आणि तिने एकटीने काय ओलांडले, हे आईबापांना कधीच कळत नाही.

येत्या माघात कन्येचे बाळंतपण आहे. या खेपेस विमानाची तिकिटे काढली, तेव्हा मी चकार शब्द बोललो नाही. अशा वेळी समुद्र बघत येणारा बाप शोभत नाही. मात्र थंडी सरल्यावर एक दुपार हेल्सिंगोरच्या बोटीने स्वीडनपर्यंत जाऊन यावे, असे सौभाग्यवतींनीच कन्येला कळवून ठेवले आहे. जन्मणाऱ्या बाळाला निदान ते पाणी दाखवावे, असे त्यांचे म्हणणे आहे.