बिघडलेला पाक

आमच्या खाप्यात कुणाच्या घरी काय शिजतंय हे विचारावं लागत नाही. गल्लीतून एक चक्कर मारली की नाक सगळं सांगतं. आमची वस्ती विणकरांची. हातमाग होते तेव्हा खटखटाटावरून कोण कामाला बसला आणि कोण अजून लोळतोय ते कळायचं. आमच्या गल्लीतले माग गेले, आता मसाल्यावरून कळतं. अशा ठिकाणी गुपचूप काही रांधणं म्हणजे ढोल वाजवत चोरीला निघण्यासारखं आहे. आणि आम्हाला तर गेल्या डिसेंबरात डुकराची तंगडी रांधायची होती.

‘तंगडी’ म्हटलेलं आमच्या सूनबाईंना आवडत नाही. “बाबा, हॅम म्हणा.” मी हॅम म्हणतो. पण चार किलोची ती वस्तू एकदा डोळ्यांनी पाहिली की मनात जो शब्द येतो तो तंगडी हाच.

सूनबाई वसईच्या. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली एवढंच मला शाळेत शिकवलं होतं. पोर्तुगीज गेले पण नाताळ राहिला, आणि तो शब्दसुद्धा मुळात त्यांचाच, हे मला सुनेनं शिकवलं. त्यांचा समाज कुपारी. मूळचे सामवेदी ब्राह्मण असं ते सांगतात. लग्न ठरलं तेव्हा मी मोठ्या धूर्तपणे आईला यातलं फक्त ‘सामवेदी’ तेवढं सांगितलं. बाकीचं तिला चर्चमध्ये गेल्यावर कळलं.

चिरंजीव नागपूरला नोकरीला, पस्तीसेक किलोमीटर रोज जाऊन-येऊन करतात, त्यामुळे सून आमच्यातच. स्वभावानं अगदी गरीब. घरात कधी काही मागितलं नाही. नोव्हेंबरात मात्र एक दिवस भांडी विसळता विसळता म्हणाली, “यंदा नाताळला पप्पांना इकडे बोलावू का?”

“बोलाव न,” आई म्हणाली. “ईवायाले बोलावाले का पंचांग पाहा लागते?” आमच्याकडे व्याह्याला ईवाई म्हणतात.

सून थोडा वेळ एकच वाटी विसळत राहिली. मग म्हणाली, “ते दर नाताळला हॅम करायचे. मम्मी गेली त्या वर्षी केला नाही. घराबाहेर चांदणीपण लावली नाही.”

विहीणबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. घरात सगळे गप्प झाले. ती शांतता आईनंच मोडली.

“हॅम म्हंजे काय होय?”

“मांसाचा एक प्रकार,” मी म्हणालो.

“कायचं मांस?”

“पायाचं.”

पण आई ऐंशीची असली तरी तिला पाय किती आणि कुणाचे हे विचारता येतं. उत्तर ऐकल्यावर ती उठून देवघरात गेली. आम्ही काही शाकाहारी नव्हे. सावजी रस्सा खाऊन कानातून वाफ निघणारी आमची जात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मटणाचा जो गंज चढतो त्याची कीर्ती गल्लीबाहेर आहे. पण डुक्कर म्हणजे गावातल्या नाल्यात लोळणारं, एवढीच त्याची नि आमची ओळख. मी आईला आठवण करून दिली की तिच्या माहेरी रानडुक्कर आलं की वाटे पडायचे, तिनंच लहानपणी सांगितलेलं. ती म्हणाली, “ते रानातलं. कंद खाते ते.” १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली म्हणून, नाहीतर या मुद्द्यावर माझा विजय नक्की होता.

शेवटी तह झाला. स्वयंपाकघरात नाही, घरामागच्या सांदवाडीत. चूल वेगळी, भांडी वेगळी. आणि “माह्या गंजाले हात लावाचा नाही.”

व्याही तेवीस तारखेला आले. वसईचे बागायतदार, केळीवाले. माणूस बुटका, बोलणं थोडं, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. एका हातात आईसाठी सुकेळी आणि दुसऱ्या हातात थर्मोकोलचं खोकं. त्यात बर्फ, आणि बर्फात ती. मिठाच्या नि साखरेच्या पाण्यात मिरी-तमालपत्र घालून दहा दिवस फ्रिजमध्ये मुरवलेली. सोरा घातला की मांस छान गुलाबी राहतं, पण त्याचं प्रमाण चुकलं तर ते पोटाला भोवतं, म्हणून ते घालत नाहीत. “रंग मातकट येतो. येऊ दे. आपल्याला खायचा आहे, नेसायचा नाही.” विणकरांच्या घरात ही उपमा बरी पडली.

हे खोकं घेऊन ते दादरला विदर्भ एक्सप्रेसमध्ये चढले. रात्रभर मांडीवर. दर मोठ्या स्टेशनवर उतरून बर्फ शोधायचे. भुसावळच्या आसपास तिकीट तपासनीसानं ते पाहिलं आणि एकदम टोपी सावरून आदबीनं विचारलं, “कुठं न्यायचंय?” हे म्हणाले, “खाप्याला.” “खाप्याला सोय आहे?” “मुलगी आहे तिथं.” तपासनीस हळहळला. “वेळेत पोचेल ना?” “नाताळच्या आत पोचायला हवं,” व्याही म्हणाले. त्यानंतर त्या माणसानं डब्यातले दिवे घालवले, दोन पोरांना दटावून गप्प केलं आणि नागपूरला स्वतः खोकं उतरवून दिलं. व्याह्यांना तो असा का वागला ते कळलं नव्हतं. हृदय नि किडन्या अशा खोक्यातून नेतात हे चिरंजीवांनी सांगितल्यावर ते बराच वेळ खजील होऊन बसले.

आता प्रश्न भट्टीचा. हॅम आधी उकडतात आणि मग गुळासाखरेचा पाक लावून भट्टीत चकचकीत करतात. आमच्या घरात ओव्हन नाही. मला लगेच बेकरी आठवली. दिवाळीत आमच्या नानकटाईचे ट्रे आम्ही तिथंच भाजून आणतो. मी तडक गेलो. गल्ल्यावर चाचा बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, चाळीस वर्षांची ओळख. “बोला गुरुजी.” आणि तिथं, त्या क्षणी, आपण काय विचारायला आलो आहोत ते माझ्या ध्यानात आलं. मास्तरकीत जन्म गेला तरी अक्कल नेहमी दोन पावलं मागून येते. मी अर्धा किलो टोस्ट घेऊन परत आलो. आमच्या सौ.नं टोस्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. ती कधीच विचारत नाही, हाच तिच्या विचारण्याचा प्रकार आहे.

दुसरा प्रश्न भांड्याचा. रात्रभर साध्या पाण्यात ठेवून खारटपणा काढला, आणि चोवीस तारखेला सकाळी कळलं की सुनेच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यातून हाड वीतभर बाहेर राहतंय. व्याही म्हणाले, करवतीनं कापू. तेवढ्यात सौ. मागच्या दारानं आईचा मटणाचा गंज घेऊन आली.

“आईंनी दिला. म्हणाल्या, जुना झाला, तसाही मोडीतच द्यायचा होता.”

गंज दोन वर्षांपूर्वी घेतलेला. मीच पैसे दिले होते.

मग तीन तासांच्या वर व्याही त्या चुलीपुढे पाटावर बसून होते. पाणी खळखळा उकळलं तर मांसाचे दोरे होतात. ते नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. एक लाकूड पुढे, एक मागे, एवढाच त्यांचा उद्योग. मधून मधून दाभण खुपसून पाहायचे. आतून लालसर पाणी आलं तर आणखी उकडायचं, अगदी स्वच्छ आलं की झालं. आई मागच्या दारात येऊन तांदूळ निवडत बसली. तांदूळ निवडायला ऊन लागतं म्हणे. ऊन पुढच्या ओसरीवर होतं.

हॅम निघाला. वरची कातडी सोलली, खाली बोटभर पांढरी चरबी. तिच्यावर सुरीनं चौकडी पाडायची. व्याह्यांचा हात चार तास विस्तवापाशी बसून थरथरत होता. सौ. म्हणाली, “शंकरपाळे ना? द्या इकडं.” आणि तिनं दिवाळीच्या सफाईनं सगळ्या तंगडीचे शंकरपाळे पाडले. प्रत्येक शंकरपाळ्यात एक लवंग खोचायची, ते काम मला मिळालं. ब्याण्णव लवंगा. या सबंध प्रकरणात माझं योगदान विचाराल तर ते एवढंच. पण एकही वाकडी नाही.

राहिला पाक. आणि इथं व्याही थांबले.

“गूळ, मोहरी, संत्र्याचा रस,” ते म्हणाले. “किती ते मला माहीत नाही. पाक तिचं काम.”

सुनेनं आठवून सांगितलं की मम्मी अंदाजानंच घालायची. संत्र्यांना तर आमच्याकडे तोटा नाही. आंबिया बहाराचे दिवस, घरात टोपली भरलेली. नागपुरी संत्र्याला २०१४ साली सरकारी भौगोलिक शिक्का मिळाला, पण आमच्या पोरांना तो शिक्का चड्डीच्या खिशात पूर्वीपासून आहे. तर व्याह्यांनी गुळात रस ओतला, सौ.नं फेसलेली मोहरी घातली, आणि पाक विस्तवावर ठेवला. पहिला करपला. दुसरा पाण्यासारखा झाला. लवंगांवरून वाहत थेट परातीत. व्याही चमचा हातात धरून त्याकडे पाहत उभे राहिले. सून आत निघून गेली.

“याले पाक म्हनते का?” दारातून आवाज आला.

आमच्या आईच्या पाकाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तिला एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे बोटांनी पाहावं लागत नाही. बुडबुड्यांच्या आवाजावरून कळतं. सत्तर वर्षांत तिचा तिळाचा लाडू एकदाही बिघडलेला नाही. अशा बाईसमोर कुणी दोनदा पाक वाया घालवावा, हे डुकरापेक्षा मोठं पाप झालं. तांदळाचं सूप खाली ठेवून ती उठली, पदर खोचला आणि चुलीपाशी आली.

“आंबट आधी टाकलं तुमी. आंबट पडलं की पाक बसत नाही, चिकटच रायते.”

“चिकटच हवा आई,” व्याही म्हणाले. “बसायला नको. तकाकी यायला हवी.”

आई थबकली. “म्हंजे बिघडलेला पाक पायजे म्हना की.”

“तसंच.”

“मंग सरळ सांगा न! सत्तर वर्सं मी तो होऊ नये म्हनून बसली हाये.” तिनं गूळ चिरून घेतला. “किती घट्ट?”

व्याही आठवू लागले. “ती चमचा उलटा धरून बघायची. पडायचा नाही लगेच. विचार करून पडायचा.”

त्यानंतर दोघं चुलीपाशी बसली. तिनं चमचा उलटा धरावा, त्यांनी मान हलवावी. पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा चमचा. चौथ्या की पाचव्या खेपेला थेंब चमच्याच्या टोकाशी आला, लोंबला, आणि मग सावकाश पडला. व्याह्यांनी मान हलवली नाही. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. “धूर हाये,” आई म्हणाली, आणि लाकूड मागे ओढलं.

भट्टीचा प्रश्नही तिनंच निकालात काढला. रोडगे भाजणाऱ्या मुलखात विस्तव कसा लावावा हे काय शिकवायचं? खाली विटांमध्ये निखारे, वर लोखंडी परात, परातीतही निखारे. दर पाच-सात मिनिटांनी परात उचलायची, कुंचल्यानं पाक फिरवायचा, परत झाकायचं. तीन हात दिल्यावर तो मातकट ऐवज असा काही लखलखला की मला लग्नातला पितळी हंडा आठवला. आमच्या जवळच गुमगावला मॅंगनीजची खाण आहे. १९६२ साली मॉइल आली, त्याआधी तिथं गोऱ्यांची कंपनी. त्या साहेबांच्या टेबलावर हॅम येत असेलही. पण त्यांच्या खानसाम्याला आमच्या आईचा पाक कुठला मिळायला?

एवढ्यात कुंपणावरून शेजारीणबाई डोकावल्या. मी लवंगेसारखा जागच्या जागी रुतलो. त्यांनी मोठा श्वास घेतला.

“लाडवाचा पाक होय का जी? संक्रांत तर अजून दूर हाये!”

“पाहून घेतो म्हटलं जमते का,” आई म्हणाली.

खाप्याच्या नाकावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

रात्री नागपूरहून उशिराच्या प्रार्थनेनंतर सून, चिरंजीव आणि व्याही परत आले आणि हॅम कापला गेला. रंग मातकट, चव मात्र खारट-गोड आणि लवंगेची. सौ.नं दोन तुकडे खाल्ले, मी किती ते सांगत नाही. कडेचा, जास्त भाजलेला तुकडा व्याह्यांनी वेगळ्या बशीत काढून ठेवला. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही. आईनं मांसाला हात लावला नाही. पण परातीच्या तळाशी साचून घट्ट झालेला पाक ती बोटानं चाटताना मला दिसली.

“आई!” मी म्हणालो.

“पाक माहा हाये,” ती म्हणाली. “त्याच्यात कायचं डुक्कर?”

व्याही सव्वीसला गेले. जाताना त्यांनी गंज स्वतः राखेनं घासला. तो काही मोडीत गेला नाही. आठ दिवस गच्चीवर ऊन खाऊन फळीवर परत आला.

जानेवारीत संक्रांत आली. आईनं नेहमीप्रमाणे तीळ भाजले, गूळ चढवला, आणि शेजारच्या टोपलीतलं संत्रं नकळत उचलून त्यात पिळलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच आमचे लाडू बसले नाहीत. वळायला घेतले की बोटांना चिकटून लोंबायचे.

“ईवायानं हात बिघडवला माहा,” आई म्हणाली.

आम्ही ते लाडू चमच्यानं खाल्ले. उरलेले तिनं स्टीलच्या डब्यात भरायला लावले आणि चिरंजीवांना वसईच्या पत्त्यावर पाठवायला सांगितले, आत एक चमचा घालून.