फाइलवरची तारीख कुणाची?

संगणकावरच्या प्रत्येक फाइलला नावासोबत एक तारीखही असते. आतला मजकूर शेवटचा कधी बदलला, ते ती सांगते. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींमध्ये तिला एमटाइम म्हणतात. ग्रिनिच वेळेप्रमाणे १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, एवढाच तो आकडा. माझं काम लिनक्ससाठी पॅकेजं बांधण्याचं आहे. दुसऱ्या कुणी लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा, कंपाइल करायचा, त्याच्या फायलींचं पॅकेज करायचं आणि ते हजारो यंत्रांवर नीट इन्स्टॉल होईल याची खात्री करायची. या कामात एक प्रश्न सारखा समोर येतो. आज एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं, तर त्याच्या फायलींवर आजची तारीख पडावी, की मूळ लेखकानं त्या शेवटच्या बदलल्या तेव्हाची राहावी?

माझं मत ठाम आहे: मूळची राहावी. ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की ग्रंथपाल दाखल नोंदवहीत तारीख लिहितात, आतल्या पानावर शिक्काही मारतात; पण छापलेलं प्रकाशनवर्ष खोडून तिथं आजची तारीख घालत नाहीत. पॅकेजं इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामनं, म्हणजे पॅकेज मॅनेजरनं, यापेक्षा जास्त अधिकार घेऊ नये. मजकूर त्याचा नाही, तेव्हा मजकूर बदलल्याची तारीखही त्याची नाही.

मग फाइल या यंत्रावर कधी आली, हे कुठं पाहायचं? त्यासाठी वेगळ्या जागा आहेत. लिनक्सवर फाइलला सीटाइम नावाची आणखी एक वेळ असते. फाइलची मालकी, परवानग्या किंवा मजकूर, काहीही बदललं की कर्नल ती स्वतः लिहितो आणि वापरकर्त्याला ती हवी तशी ठरवता येत नाही. एक्स्ट४सारख्या फाइल सिस्टिम फाइलची जन्मवेळही ठेवतात. डेबियन या लिनक्स वितरणात डीपीकेजी हा पॅकेज मॅनेजर आपल्या लॉगमध्ये प्रत्येक इन्स्टॉलची नोंद करतो, तर फेडोरासारख्या वितरणांतल्या आरपीएमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक पॅकेजसमोर इन्स्टॉलची वेळ असते. म्हणजे 'कधी आलं' याचं उत्तर तीन-चार ठिकाणी मिळतं. 'कधी लिहिलं गेलं' याचं उत्तर मात्र एमटाइममध्येच असतं. ते पुसलं गेलं तर त्या यंत्रावर ते पुन्हा मिळत नाही.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते पाहू. डेबियनच्या पॅकेजमध्ये फायली टार नावाच्या जुन्या पद्धतीनं एकामागोमाग रचलेल्या असतात. प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटांचा मथळा असतो. त्यात नाव, मालक, परवानग्या, आकार आणि एमटाइम. एमटाइमला १२ बाइटांची जागा असते आणि तो आकडा अष्टमान पद्धतीत लिहिलेला असतो. इन्स्टॉल करताना डीपीकेजी नवी फाइल आधी नावाला 'डीपीकेजी-न्यू' असं शेपूट जोडून शेजारी लिहितो, तिच्यावर परवानग्या आणि मथळ्यातली वेळ चढवतो आणि सगळं पार पडल्यावरच नाव बदलून ती जुन्या फाइलच्या जागी आणतो. वेळ मजकुरानंतर चढवावी लागते, कारण मजकूर लिहिला की कर्नल एमटाइम आताचा करून टाकतो.

तेव्हा तारीख हरवते ती इन्स्टॉलच्या वेळी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, पॅकेज बांधताना. फायली योग्य फोल्डरांत ठेवण्यासाठी 'इन्स्टॉल' याच नावाची एक छोटी आज्ञा वापरतात. ती फाइलची नवी प्रत करते, आणि नव्या प्रतीवर तारीख पडते त्या क्षणाची. तिला 'पी' हा एका अक्षराचा पर्याय दिला की मूळ तारीख टिकते. 'सीपी' आज्ञेचंही तसंच. फेडोराच्या पॅकेजिंग नियमांत या 'पी'ची शिफारस आहे. डेबियनच्या धोरणग्रंथातही मूळ स्रोत-फायलींच्या वेळा शक्य तितक्या जपाव्यात असं सांगितलं आहे आणि कारणही दिलं आहे: तारखेवरून एखादं दस्तऐवजीकरण किती जुनं आहे ते वाचणाऱ्याला कळतं.

हे कारण खरं आहे, पण तेवढंच असतं तर मी इतका आग्रह धरला नसता. तारीख माणसांपेक्षा प्रोग्राम जास्त वाचतात. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी प्रोग्राम बांधून देणारं 'मेक' हे साधन लिहिलं. त्याची सगळी मदार एका तुलनेवर आहे: ज्याच्यापासून बनवायचं ते बनवलेल्यापेक्षा नवं असेल तर पुन्हा बनवा. 'कॉन्फिगर' नावाची लांबलचक स्क्रिप्ट सोबत येणारे असंख्य जुने प्रकल्प आहेत. ही स्क्रिप्ट दुसऱ्या एका छोट्या फाइलपासून तयार झालेली असते आणि तिची तारीख त्या फाइलच्या नंतरची असते. नुसतं प्रत करताना किंवा दुरुस्तीचा पॅच लावताना हा क्रम उलटला, तर मेकला वाटतं की स्क्रिप्ट शिळी झाली. मग ते ती पुन्हा तयार करायला निघतं, त्यासाठी लागणारी साधनं त्या यंत्रावर नसतात आणि बांधणी मोडते. कोडमध्ये एका अक्षराचीही चूक नसताना. म्हणूनच डेबियनचं स्रोत उघडणारं साधन पॅच लागलेल्या सगळ्या फायलींना एकच वेळ देतं.

पायथनचं उदाहरण याहून बोलकं आहे. पायथन तुमचा कोड एकदा वाचून त्याचं तयार रूप वेगळ्या फाइलमध्ये साठवतो. तिच्या सुरुवातीला १६ बाइटांचा मथळा असतो. नेहमीच्या प्रकारात त्यातले चार बाइट मूळ कोडच्या एमटाइमचे आणि चार त्याच्या आकाराचे. पुढच्या वेळी दोन्ही जुळले तरच तयार रूप वापरलं जातं. पॅकेजमध्ये तयार रूप घातल्यानंतर मूळ फाइलची तारीख कुणी बदलली, तर दर वेळी ते रद्द ठरतं. सामान्य वापरकर्त्याला सिस्टिमच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसते, त्यामुळे दुरुस्त रूप साठवताही येत नाही. प्रोग्राम चालतो, चूक झाल्याचा संदेश येत नाही, फक्त प्रत्येक सुरुवात उगाच हळू होते. असा दोष शोधणं फार कठीण. पायथन ३.७पासून तारखेऐवजी मजकुराच्या हॅशवर, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशावर, विसंबण्याचा पर्याय आला, तो याच प्रकारच्या अडचणींसाठी.

या मताविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. समजा, काल तुम्ही एका लायब्ररीच्या हेडर फायली वापरून आपला प्रोग्राम कंपाइल केला. आज त्या लायब्ररीची नवी आवृत्ती इन्स्टॉल केली. तिच्या हेडरवर मूळ तारीख जपलेली आहे, म्हणजे महिनाभरापूर्वीची. मेक पाहतं: हेडर महिन्याचं जुनं, आपली ऑब्जेक्ट फाइल कालची, काही करायची गरज नाही. प्रत्यक्षात हेडर बदललेलं आहे आणि तुमच्या प्रोग्रामचा अर्धा भाग जुन्या व्याख्यांवर उभा आहे. आजची तारीख पडली असती, तर हा धोका टळला असता.

आक्षेप मान्य करूनही माझं मत बदलत नाही, कारण दोष तारखेत नाही, विचारलेल्या प्रश्नात आहे. 'ही फाइल त्याहून नवी आहे का?' आणि 'ही फाइल मी मागे पाहिली होती तीच आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मेक पहिला विचारतं. पायथन दुसरा विचारतो. बॅकअपसाठी जगभर वापरला जाणारा आरसिंकही दुसराच विचारतो: आकार आणि एमटाइम दोन्ही तेच असतील तर फाइल तीच, नाहीतर पुन्हा तपासायची. दुसरा प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामला तारीख पुढे गेली काय नि मागे गेली काय, फरक पडला एवढं पुरतं. जुनी आवृत्ती पुन्हा बसवली तरी तो फसत नाही. उलट इन्स्टॉलच्या वेळी आजची तारीख टाकली, तर तेच पॅकेज पुन्हा बसवल्यावर एक बाइटही न बदललेली फाइल त्याला बदललेली वाटते. मेकच्या प्रश्नावर खरा उपाय मजकुराचा हॅश पाहणाऱ्या बेझलसारख्या साधनांनी दिला आहे.

गेल्या दशकात या वादात तिसरा पक्ष उतरला: एकाच कोडपासून कुणीही, कुठंही बांधलं तरी बाइटन् बाइट तेच पॅकेज मिळायला हवं. म्हणजे मधल्या वाटेवर कुणी कोडमध्ये काही घुसवलं नाही, याची पडताळणी करता येते. २०१३च्या डेबियन परिषदेतल्या चर्चेपासून या चळवळीनं जोर धरला. तिच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा होता तारखांचा, कारण बांधणीच्या क्षणी तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलवर तो क्षण उमटतो. तोडगा निघाला तो मला फार समतोल वाटतो. पॅकेजच्या बदलनोंदीतली शेवटची तारीख ही कमाल मर्यादा धरायची. तिच्या आधीच्या तारखा जशाच्या तशा ठेवायच्या आणि नंतरच्या तेवढ्या मागे ओढून त्या मर्यादेवर आणायच्या. टारमध्ये यासाठी २०१६ साली पर्याय आला. फेडोरानं ही पद्धत २०२३च्या ३८व्या आवृत्तीत घेतली, तेव्हा वर सांगितलेल्या पायथनच्या मथळ्याचीही काळजी घ्यावी लागली. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये फायलींच्या वेळा साठवल्याच जात नाहीत, त्यामुळे तिथून आलेल्या कोडलाही या पद्धतीत एक अर्थपूर्ण तारीख मिळते.

निक्स या पॅकेज मॅनेजरनं टोकाचा मार्ग घेतला. त्याच्या भांडारातल्या प्रत्येक फाइलचा एमटाइम असतो १. पुण्यात बसून पाहिलं, तर प्रत्येक फाइल १ जानेवारी १९७०च्या सकाळी ५ वाजून ३० मिनिटं आणि १ सेकंदाला बदललेली दिसते. जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर असलेल्या एनपीएमनं पॅकेजातल्या फायलींसाठी २६ ऑक्टोबर १९८५ ही तारीख पक्की केली. 'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटात कालयंत्राचा पहिला प्रयोग होतो तीच. ऐंशीच्या दशकातली तारीख घ्यावी लागली, कारण झिप या फाइल-प्रकाराला १९८०च्या आधीची तारीख ठेवता येत नाही.

एकच आकडा सगळीकडे टाकला की पुनर्निर्मिती सोपी होते, पण दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदम नाहीशी होतात. एनजिनएक्स हा वेबसर्व्हर फाइलची ओळख म्हणून ब्राउझरला ईटॅग पाठवतो. तो एमटाइम आणि आकार सोळामान पद्धतीत लिहून, मध्ये आडवी रेघ देऊन बनवलेला असतो. निक्सच्या फायलींचा ईटॅग त्यामुळे 'एक, रेघ, आकार' असाच निघणार. आता सीएसएस फाइलमध्ये एक रंग बदला. सहा अक्षरांचा एक संकेत जाऊन सहा अक्षरांचाच दुसरा आला. आकार तोच, वेळ तीच, ईटॅग तोच. सर्व्हर ब्राउझरला सांगतो की काही बदललेलं नाही, आणि पाहुण्याला जुनाच रंग दिसत राहतो. निक्सवाल्यांना अखेर एनजिनएक्समध्ये स्वतःचा पॅच घालून भांडारातल्या हॅशवरून ईटॅग बनवावा लागला. ओळख पटवण्याचं जे काम तारीख फुकटात करत होती, ते दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागलं.

म्हणून माझा कौल असा. मूळ तारीख असेल तर ती जपा. बांधताना जन्मलेल्या फायलींना बदलनोंदीची तारीख द्या. सगळ्यांना एकच आकडा द्यायचाच असेल, तर तारीख वाचणारा प्रत्येक प्रोग्राम आधी शोधा आणि त्याला ओळखीसाठी दुसरी खूण द्या. इन्स्टॉलची वेळ लॉगमध्ये ठेवा, फाइलवर नको.

आणि हा लेख वाचणाऱ्यांत कुणी इन्स्टॉल-स्क्रिप्ट लिहिणारे असतील, तर त्यांना एवढीच विनंती: प्रत करणारी प्रत्येक ओळ आज एकदा उघडून पाहा आणि 'पी' नसेल तर घाला.